परसातली भाजी: घरच्या ताटाला पण आणि आठवडी बाजाराला पण

घरामागे गुंठाभर जागा मोकळी आहे, काय लावू, विकलं जाईल का, हे विचारणारे हल्ली बरेच भेटतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. बहुतेक जण सुरुवात बियाण्याच्या दुकानातून करतात, दहा प्रकारची पाकिटं आणतात, एका रविवारी सगळं पेरून मोकळे होतात आणि मग दीड महिन्याने एकदम एवढी मेथी एवढी कोथिंबीर येते की शेजारीपाजारी वाटूनसुद्धा संपत नाही, आणि पुढचा महिनाभर वाफे रिकामे. घरी खायला पण नाही आणि विकायला पण नाही. माझं सांगणं एवढंच आहे की आधी बाजाराचा वार बघा, भिंतीवरचं कॅलेंडर काढा, त्यात सण कधी आहेत ते बघा आणि तिथून उलटं मोजत मोजत पेरणीचा दिवस ठरवा. बाकी खतं पाणी फवारणी हे सगळं शिकता येतं, पण हे उलटं मोजणं जमलं नाही तर भाजी कितीही चांगली आली तरी हातात पैसे येत नाहीत.

आता जागा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ स्क्वेअर फूट. त्यात ३ फूट रुंद आणि १० फूट लांब असे वाफे पाडायचे, मधे दीड फुटाची वाट ठेवायची, साधारण वीसेक वाफे बसतात. ३ फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका कारण दोन्ही बाजूने हात मधपर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय टाकून खुरपायला लागलं की माती दबते आणि पालेभाजीची मुळं नीट चालत नाहीत. पावसाळ्यात गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून अर्धा फूट तरी उंच, नाहीतर कोथिंबीर दोन दिवसांत कुजते. उन्हाळ्यात उलट सपाट किंवा जरा खोलगट वाफे म्हणजे पाणी धरून राहील. ऊन निदान ६ तास तरी पाहिजे, पालेभाज्यांचं ४ तासांवर भागतं पण वांगी मिरची भेंडी सावलीत नुसती वाढतात, फळ देत नाहीत.

टेरेसवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पण टेरेसवरच्या कुंड्यांमधून बाजारात बसण्याएवढा माल निघत नाही, घरचं भागतं आणि जास्तीचं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं, तेवढं पुष्कळ आहे. पालेभाजीला ६ ते ८ इंच खोलीचे क्रेट किंवा ट्रे चालतात, वांगी मिरची टोमॅटोला १२ ते १५ इंचाची कुंडी किंवा ग्रो बॅग लागते, आणि खाली पाणी झिरपू नये याची काळजी आधी घ्या.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. गुंठ्याला दोनशे ते अडीचशे किलो लागतं. हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको आणि काळं भुसभुशीत पाहिजे, ओलं शेण टाकलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात शिवाय गवताचं बी येतं ते वेगळंच, मग खुरपता खुरपता कंबर जाते. सोबत थोडी निंबोळी पेंड मिसळली तर मुळांजवळच्या किडीला आळा बसतो.

आता मुख्य गणित सांगते. समजा तुमच्याकडचा बाजार गुरुवारी आहे. बुधवारी संध्याकाळी मेथीचा एक वाफा उपटला, शुक्रवारी त्याच वाफ्यात दोन पाट्या खत घालून परत पेरलं, तर चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी २६ दिवस होतात, मेथीला तेवढे पुरतात. म्हणजे मेथीचे चार वाफे ठेवायचे, दर आठवड्याला एक पेरायचा, एक उपटायचा. थंडीत चार-पाच दिवस जास्त लागतात म्हणून तेव्हा पाचवा वाफा जोडायचा. कोथिंबिरीला ३५ ते ४५ दिवस धरा, म्हणजे तिला सहा वाफे. पालकाला दोनच वाफे पुरतात कारण पहिली कापणी महिन्याने आली की मग दर १५-२० दिवसांनी परत कापता येतो, फक्त कापताना जमिनीच्या वर दोन बोटं ठेवून कापा, मुळापासून नको. लाल माठ आणि राजगिरा २५ ते ३० दिवस, शेपू ३५ ते ४० दिवस, मुळा ४० ते ४५ दिवस, यांना मिळून तीन वाफे. झाले पंधरा. उरलेल्या पाच-सहा वाफ्यांत फळभाज्या आणि कुंपणाच्या कडेने मांडव. वर हिशोबासाठी तोच वाफा धरला, पण मेथीवर मेथी, कोथिंबिरीवर कोथिंबीर असं सारखं एकाच वाफ्यात नको, वाफे आपसात फिरवत ठेवा.

कोथिंबिरीबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त फसते ती हीच आणि सगळ्यात जास्त पैसे पण हीच देते. धणे तसेच्या तसे पेरू नका, चप्पल नाहीतर फळीखाली हलके रगडून दोन फाकी करा, मग १२ तास पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा आणि मग पेरा. तरीसुद्धा उगवायला ८-१० दिवस लागतात, तेवढ्यात लोक धीर सोडून परत पेरतात आणि मग दाटी होते. किराणा दुकानातले धणे पण उगवतात पण जुने असले तर निम्मे उगवत नाहीत, एक मूठ ओल्या फडक्यात बांधून आधी बघा. भाव चढतो तो भर उन्हाळ्यात आणि भर पावसात, म्हणजे नेमका तेव्हा जेव्हा ती येता येत नाही. उन्हाळ्यात वरून शेडनेट लावा आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी द्या, पावसात उंच गादीवाफा आणि विरळ पेरणी. ज्याने एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्टमधे कोथिंबीर जमवली त्याचा ओटा बाजारात सगळ्यात आधी रिकामा होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि उन्हाने फुलावर गेलीच तर उपटून फेकू नका, हिरवे कोवळे धणे खुडून छोटे वाटे लावा, वाटणाला अप्रतिम लागतात. तसाच मुळा जून झाला की त्याच्या शेंगा येऊ द्या, डिंगऱ्या म्हणतात त्यांना, व्यापाऱ्यांकडे त्या फारशा नसतात आणि जुनी माणसं शोधत फिरतात.

आता सण. हे कुणी सांगत नाही पण सगळी मेख इथेच आहे. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचं काही चालत नाही, नांगरलेल्या जमिनीतलं नको, हाताने खणून लावलेलं पाहिजे. आता मला सांगा, मोठ्या शेतातला माल ही अट कसा पूर्ण करणार? आणि तुमच्या परसात तर कुदळ-खुरप्याशिवाय काही चाललंच नाही! अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा, अंबाडी, मक्याचं एखादं कणीस असा सगळा मिळून एका घराला पुरेल असा एकच वाटा बांधा आणि हाताने खणलेल्या वाफ्यातलं आहे असं खरंखरं सांगा. यासाठी उलटं मोजायचं तर दोडका पडवळ पहिल्या पावसाबरोबर जूनमधे, भेंडी पंचमीच्या दोन महिने आधी, लाल माठ बरोब्बर महिनाभर आधी. लगेच पुढे गौरी येतात, आमच्याकडे शेपूची भाजी-भाकरी लागते, काही घरांत मेथी, तर शेपूचा वाफा दीड महिना आधी टाकलेला पाहिजे. मग पितृपक्ष, तेव्हा गवार, कारली, भेंडी, काकडी, अळू सगळ्यांनाच हवं असतं.

चातुर्मासात बऱ्याच घरात वांगं खात नाहीत, ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा खंडोबाला नैवेद्य दाखवून परत सुरू करतात. म्हणून वांग्याचं रोप ऑगस्टमधे टाकायचं, ५-६ आठवड्यांनी सप्टेंबरच्या सुमाराला लावायचं, दोन-सव्वादोन महिन्यांत पहिली वांगी येतात आणि चंपाषष्ठीला भरताच्या वांग्याला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही. भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगी यांची मिसळ भाजी. गाजर आणि हरभरा ऑक्टोबरच्या मध्याला पेरले की वेळेवर येतात. पावटा आणि वाल मात्र जून-जुलैमधे लावायचे, गावरान वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही, त्यामुळे ऑगस्टमधे नुसता पाला बघून उपटून टाकू नका, दिवाळीनंतर एकदम लगडतो.

काय लावू नये ते पण सांगते. विकण्यासाठी टोमॅटो, बटाटा, कांदा, कोबी लावू नका. घरापुरती टोमॅटोची पाच-सहा झाडं ठीक आहेत, चवीला घरचा टोमॅटो घरचाच, पण मोठ्या शेतकऱ्याचे क्रेटच्या क्रेट येतात तेव्हा भाव असे पडतात की परसातल्या माणसाचा तिथे निभाव लागत नाही. आपण तेच लावायचं जे लवकर सुकतं, लांबून आणलं की मरगळतं किंवा व्यापारी आणतच नाही. चुका, चाकवत, करडईची कोवळी भाजी, तांदुळजा, घोळ, अंबाडी, घोसाळं, शेवग्याचा पाला, भोपळ्याची फुलं. शेवग्याचं एक झाड कुंपणाला लावाच, पीकेएम-१ किंवा दापोलीची कोकण रुचिरा जात, घरचं आमटी-सांबार भागून शेंगा विकायला उरतात.

वेलभाज्यांत नवीन माणूस एका गोष्टीला हमखास अडखळतो, फुलं भरपूर पण फळ पिवळं पडून गळतं. मधमाशी येत नसेल तर हाताने परागीभवन करावं लागतं. ज्या फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं ती मादी, नुसत्या बारीक देठावरचा नर. नराचं फूल तोडून पाकळ्या मागे सारून मादीच्या मधोमध हलकेच टेकवायचं. पण वेळ महत्त्वाची, कारली काकडी घोसाळं लाल भोपळा यांची फुलं सकाळी लवकर उमलतात आणि दोडका आणि दुधी यांची संध्याकाळी, त्यामुळे दोडक्याला सकाळी नऊ वाजता हे करत बसलात तर उपयोग नाही. उरलेली भोपळ्याची नर फुलं भज्यांना घ्या. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा, म्हणजे माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा मांडवाला टांगा, आणि डंख मारलेली वाकडी फळं तिथेच टाकून न देता खड्ड्यात पुरा, नाहीतर त्यातूनच पुढची पिढी निघते.

किडीला माझा भर निंबोळी अर्कावर. जून-जुलैत कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, किंचित साबण घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. मावा तुडतुडे यावर वेळेत मारलं तर पुरतं. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते, तो शेंडा खालपासून कापून जाळून टाका, फवारून ती मरत नाही. भेंडीचं पान पिवळ्या शिरांचं झालं की तो केवडा, पांढरी माशी पसरवते, ते झाड सरळ उपटा, दया करू नका. परभणी क्रांती, फुले विमुक्ता या जाती त्याला बऱ्यापैकी टिकतात. जीवामृत घरच्यापुरतं करायचं तर २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळायचं आणि आठवड्यात वापरून टाकायचं. पण ते मुळाशी द्या. काढणीला आलेल्या पालेभाजीच्या पानांवर शेणाचं काहीही शिंपडू नका, लोक कोथिंबीर कच्ची खातात. त्याच कारणाने न्हाणीचं साबणाचं पाणी आणि गटाराचं पाणी विकायच्या भाजीला बिलकुल नको, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

काढणी. पालेभाजी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ऊन गेल्यावर. मेथी मुळासकट उपटायची, मुळं धुवायची, पाला शक्यतो भिजवायचा नाही, जुड्या एकसारख्या बांधायच्या, केळीच्या सोपटाने बांधलं तर देठ चिरत नाहीत, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत उभ्या ठेवायच्या. भेंडी गवार दोडके त्याच दिवशी पहाटे. भेंडी दिवसाआड तोडलीच पाहिजे, विकायची असो नसो, एक दिवस चुकला की जून होते आणि झाड पुढची फुलं कमी देतं.

बाजारात नवीन असाल तर आधी एक-दोन वेळा नुसतं फिरून या, कोण कुठे बसतं, काय भाव चालतो, काय कमी आहे ते बघा. गावच्या आठवडी बाजारात जागा ठरलेल्या असतात, शेजारच्या मावशींना विचारून बसा, ग्रामपंचायतीची बाजार पावती फाडा. शहरातल्या शेतकरी बाजारांचं वेगळं आहे. २०१६ मधे फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि राज्याच्या पणन मंडळाने, म्हणजे शेतमाल विक्रीचं काम बघणाऱ्या मंडळाने, अरणच्या संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान सुरू केलं. तिथे बहुतेक ठिकाणी सातबारा विचारतात आणि एकट्यापेक्षा गटाला जागा पटकन मिळते. म्हणून बचतगटातल्या चार-पाच परसबागा एकत्र आल्या तर फार बरं, एकीची मेथी, एकीची वांगी, एकीचा शेवगा, टेम्पोचं भाडं वाटलं जातं आणि ओटा भरलेला दिसतो. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटातल्या बायकांनी गावोगावी परसबागा केल्यात, तुमच्या गावात गट असेल तर आधी तिथे विचारा.

वजनकाटा नेणार असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून शिक्का घ्यावा लागतो. सुरुवातीला मी तर म्हणेन जुडी आणि वाटा यावरच भागवा, काट्याची गरज नाही. क्यूआर कोडचा कागद प्लास्टिकमधे घालून समोर ठेवा, तरुण पोरं सुटे पैसे आणतच नाहीत. शेजारणीपेक्षा दर पाडून विकू नका, तिचं पोट त्यावर आहे, तुम्ही जुडी जरा मोठी बांधा नाहीतर दोन मिरच्या वरून घाला. आणि पाटीवर सेंद्रिय असं मोठ्ठं लिहायच्या आधी थांबा, त्याचे नियम आहेत, प्रमाणपत्र हवं तर गटाने पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी द्यायच्या पद्धतीची, नोंदणी करता येते. ते होईपर्यंत घरच्या परसातली भाजी, काय फवारलं ते विचारा सांगते, एवढं बोललं की पुरतं, गिऱ्हाईक खरंच विचारतं आणि पुढच्या आठवड्यात परत येतं.

उरलेलं घरी आणायचं. मेथी सावलीत वाळवून डब्यात, कोथिंबिरीच्या वड्या, लाल मिरचीचा ठेचा, पालक-अंबाडी गरगट्याला, गवारीला मीठ लावून वाळवून तळायला. घरचं ताट आधी की बाजार आधी असा प्रश्न काही जणी विचारतात, मी तरी पहिला तोडा घरात ठेवते, कारण आपण खाऊन बघितल्याशिवाय कडू निघालेला दोडका दुसऱ्याला देणं मला पटत नाही. बाजारातून आल्यावर त्याच रात्री वहीत लिहा, किती जुड्या नेल्या, किती परत आल्या, लोक काय मागत होते जे आपल्याकडे नव्हतं. ती शेवटची ओळ सगळ्यात कामाची, पुढच्या पेरणीत तेच टाकायचं.

बियाणं दरवेळी विकत घेऊ नका. पाकिटावर एफ-१ म्हणजे संकरित असं लिहिलं असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. मेथी, चवळी, वाल, पावटा, गवार यांचं बी धरणं सगळ्यात सोपं, जात शुद्ध राहते. भेंडी आणि वांग्याच्या दोन जाती शेजारी शेजारी असतील तर मिसळतात, आणि दोडका दुधी काकडीत तर हमखास मिसळ होते, तिथे एकच जात लावा किंवा एखादी कळी उमलायच्या आधी फडक्याने बांधून हाताने परागीभवन करून ते फळ बियाण्याला ठेवा, त्याला लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी घरात सांभाळत सांभाळत केवढी बीज बँक उभी केली, २०२० मधे त्यांना पद्मश्री मिळाली. गावरान बी हवं असेल तर अशा बीज बँका, नाहीतर राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांची बियाणं विक्री केंद्रं बघा. फळ वेलीवरच पूर्ण पिकू नाहीतर वाळू द्या, बी सावलीत सुकवा, राखेत घोळवा, थोडा वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून काचेच्या बरणीत ठेवा आणि बरणीवर भाजीचं नाव आणि महिना लिहा, सहा महिन्यांनी वांग्याचं बी कुठलं आणि मिरचीचं कुठलं हे नुसतं बघून ओळखू येत नाही.